जे मशीन बोलून सांगत नाही

“हात पुढे कर, ताई. दोन्ही. जड आहे,” सुहास म्हणाला.

मी ओंजळ पुढे केली आणि त्याने तीत एक पत्र्याचा डबा ठेवला. विटेहून जरा मोठा, एका अंगाला हाताच्या पंजाएवढा पंखा, दुसऱ्या अंगातून निघालेला वायरींचा जुडगा. मी तो तळहातावर जोखला, मग कानाशी नेऊन हलवला. आत काही खुळखुळलं नाही. पाण्याने भरलेला नारळ मनगटाला कसा खाली ओढतो, तसा तो डबा ओढत होता.

“हाच तो?”

“तुझ्या यादीतलाच. नाव, नंबर, सगळं तेच. मुंबईहून एकच पीस आलाय, तोही तुझ्यासाठी म्हणून मागवला.”

“अहो बाई, एसएमपीएस आहे तो, नारळ नव्हे,” काउंटरपाशी उभं असलेलं कोणी गिऱ्हाईक म्हणालं. “हलवून काय कळणार?”

“भरलेला आहे की सुका, एवढं कळतं,” मी म्हटलं. “नारळाचंही तेवढंच कळतं.”

दुकानात हशा पिकला. सुहास सगळ्यांत मोठ्याने हसला. तो हसला की मलाही बरं वाटायचं.

मी जन्मापासून आंधळी आहे. लोक त्यासाठी गोड गोड शब्द शोधतात, शोधू देत बापडे. मी हे आधीच सांगून मोकळी होते, कारण पुढे जे घडलं ते मला दिसत नाही एवढ्याच भरवशावर घडलं.

हे २००८ सालचं, रत्नागिरीतलं. मी एकतीस वर्षांची होते, एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. मला घरी कॉम्प्युटर हवा होता आणि तो दहा वर्षं टिकायला हवा होता. हौस म्हणून नव्हे, आईसाठी. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

ब्रेलमधली पुस्तकं आमच्यापर्यंत पोचायची तोवर परीक्षा उरकलेली असायची. म्हणून पहिलीपासून बीएपर्यंत आई पुस्तक मांडीवर घेऊन टेपरेकॉर्डरसमोर बसली आणि वाचत गेली. दोनशे बारा कॅसेट भरल्या. तिचा नियम एकच होता. छापलंय ते वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. एकदा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात बांधणीच्या चुकीने एक पान दोनदा आलं होतं. आईने ते दोनदा वाचलं. “छापलंय दोनदा, मी काय करू,” असं ती मध्येच म्हणते, आणि मागे कुकरची शिट्टी होते. माझी आई म्हणजे हे.

आमच्याकडच्या दमट हवेत त्या कॅसेटना बुरशी धरायला लागली. आवाज पाण्याखालून आल्यासारखा येऊ लागला. त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या होत्या. सीडीलाही आमच्याकडे बुरशी लागते, म्हणून दोन हार्डडिस्क घ्यायच्या आणि आई दोन्हींवर ठेवायची, असं मी ठरवलं होतं. एक गेली तर दुसरी राहील.

ऑफिसात एक कॉम्प्युटर होता, पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलेला. जेवणाच्या सुट्टीत डबा मांडीवर आणि इअरफोन कानात असं करत मी सहा महिने अभ्यास केला. कोणता प्रोसेसर कोणत्या सॉकेटात बसतो, कोणती रॅम कोणत्या बोर्डाला चालते, केवढा बोर्ड केवढ्या कॅबिनेटात मावतो, आणि एसएमपीएस, म्हणजे बाहेरची वीज घेऊन आतल्या सगळ्यांना झेपेल तेवढीच वाटून देणारा डबा, कसा असावा. तो वाईट असला तर बाकी सगळं सोन्याचं असून फुकट, हे इतक्या जणांनी लिहिलं होतं की मला ते पाठ झालं होतं. शेवटी चौदा ओळींची यादी मी ब्रेलमध्ये टोचून काढली.

त्या सकाळी डाव्या हाताचं बोट यादीवर आणि उजवा हात मालावर, अशी माझी खरेदी चालली होती. बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी मी एकेक करून चाचपली. त्यांच्यावर फुलीची खाच नव्हती, म्हणजे ते भरीव जातीचे, सहसा न फुगणारे. रॅमची खाच बोर्डावरच्या कंगोऱ्याशी बरोबर जुळली. दोन पिढ्यांच्या रॅम दिसायला सारख्याच असतात म्हणे. बोटाला नसतात.

“आणि मॉनिटर कुठला दाखवू?” ते मघाचंच गिऱ्हाईक सुहासच्या वतीने विचारायला लागलं.

“मॉनिटर नको. त्याचे पैसे मी या डब्यात घातलेत.”

“पडद्याशिवाय कॉम्प्युटर?”

“तुमच्या रेडिओला पडदा आहे का?”

पुन्हा हशा. “ताईशी कोणी लागू नका,” सुहास म्हणाला. “मी एकदा लागलो, पंधरा दिवस वाचून वाचून घसा बसला.”

ते खरं होतं. सुहास भाटकर माझा लेखनिक होता. आंधळ्या विद्यार्थ्याने परीक्षेत उत्तर तोंडाने सांगायचं आणि शेजारी बसलेल्या लेखनिकाने ते उत्तरपत्रिकेत उतरवायचं, अशी पद्धत असते. लेखनिक आपल्याहून खालच्या वर्गातला असावा लागतो. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला तेव्हा सुहास बारावी कॉमर्सला होता. त्या वर्षी आईची तब्येत ठीक नव्हती, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात नोट्सही त्यानेच वाचून दाखवल्या. इतिहासाचे सहाही पेपर त्याने लिहिले. मी कॉलेजात पहिली आले. आईने त्याला पाटावर बसवून ओवाळलं, पोटभर जेवू घातलं, आणि पुढे दर भाऊबीजेला तो आमच्याकडे येत राहिला. मला सख्खा भाऊ नाही. ती जागा रिकामी आहे असं नंतर कधी वाटलं नाही.

यादी संपली तेव्हा मी म्हटलं, “आता जोड. मी बसते इथे. मला हात लावून बघायचंय कुठला भाग कुठे बसतो ते.”

“अगं, पत्रे धारदार असतात. हात कापून घेशील. तू घरी जा, संध्याकाळी जोडून मीच घेऊन येतो. माझ्यावर नाही का सोडत?”

सोडलं. ज्याच्यावर सहा पेपर सोडले त्याच्यावर चार स्क्रू सोडायला काय हरकत होती?

संध्याकाळी तो रिक्षाने मशीन घेऊन आला. मी उचलायला पुढे झाले तर म्हणाला, “राहू दे ताई, जड आहे,” आणि स्वतःच टेबलावर ठेवलं. वायरी लावल्या. मग माझं बोट धरून त्याने कॅबिनेटच्या पाठीमागे एका चिकट कागदावर टेकवलं.

“हे आपलं सील. मी सही केलीय वर. उघडलं तर हे फाटतं आणि वॉरंटी जाते. तुझ्यासाठी तर जास्तच महत्त्वाचं. उद्या दुसऱ्या कोणी आतला माल बदलला तर तुला कसं कळणार? आता रोज बोट फिरव. सील शाबूत तर माल शाबूत.”

“केवढा विचार करतो हा पोरगा,” बाबा म्हणाले. बाबा एसटीत कंट्रोलर होते. माणसं ओळखण्यात आयुष्य गेलं असं ते सांगायचे.

मशीन सुरू झालं आणि बोलायला लागलं. मी यादी मांडीवर घेऊन त्याला एकेक विचारत गेले. प्रोसेसर बरोबर. रॅम बरोबर. बोर्डाचं नाव, दोन्ही डिस्कचा आकार, सगळं बरोबर. त्या यंत्राच्या परदेशी आवाजात माझी यादी मला परत ऐकू येत होती आणि मला इतका आनंद झाला की मी सुहासच्या पाठीत एक धपाटा घातला.

आठवड्यातून तीनदा, ऑफिसातून आल्यावर, एक कॅसेट. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. मी शेजारी भाजी निवडत बसायची आणि आई मला सातवीचा भूगोल सांगायची. बाबा दारात येऊन उभे राहायचे. मला ते त्यांच्या श्वासावरून कळायचं.

कॅसेट दोन्ही डिस्कवर नीट आली की मी ती टाकून द्यायची. बुरशी एकीची दुसरीला लागते, ठेवून उपयोग नव्हता. पहिली पोतडी भंगारवाल्याला द्यायची वेळ आली तेव्हा मात्र माझा हात अडला.

“दे गो,” बाबा म्हणाले. “ती आता मशीनमध्ये आहे ना दोनदा? मग झालं तर.”

दीड वर्षात दोनशे अकरा कॅसेट उतरल्या. एक राहिली, कारण तीत धडा नव्हता. ती कपाटात मार्कशीटच्या पाकिटात पडून होती आणि तिची मला घाई नव्हती.

खंडेनवमीला आमच्या घरी सगळी हत्यारं उघडून पुसायची आणि मग पुजायची रीत आहे. बाबांचा पान्हा, विळी, माझी ब्रेलची पाटी आणि टोचणी. शिवणाच्या मशीनचाही खालचा पत्रा आम्ही उघडतो, आतली धूळ काढतो. कॉम्प्युटर तेवढा उघडायचा नाही, त्याला सील. दोन वर्षं मी त्याला बाहेरूनच पुसलं, वर झेंडू ठेवला, आणि सील शाबूत आहे ना ते बोटाने बघून घेतलं.

२०१०च्या मे महिन्यातली दुपार. वीज दोनदा गेली आणि आली. यूपीएस पीं-पीं वाजलं, थांबलं. आई आठवीतल्या कुठल्याशा तहाच्या अटी वाचत होती. तिसरी अट अर्ध्यावर असताना आत फट्‍ असा आवाज झाला आणि ती गप्प झाली. मग वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा आणि त्याच्याखाली माशासारखा काहीतरी.

सुहासला फोन केला. “व्होल्टेजने गेलं असेल, ताई. आपल्याकडची वीजच तशी. घाबरू नको. पण उघडू नको हं. सील आहे. मी येतो.”

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, चिपळूणला आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, संध्याकाळी नक्की. चौथ्या दिवशी म्हणाला, “आता वॉरंटी तशीही संपत आली, नवीन घेतेस का? तुला बरोबर किमतीत लावून देतो.” आणि पुन्हा म्हणाला, “उघडू नको पण.”

इतक्या वेळा कोणी मला एखादी गोष्ट करू नको म्हणालं की मला ती करावीशी वाटते. हा माझा लहानपणापासूनचा दोष आहे. पाचव्या दिवशी मी बाबांचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि नखाने सील फाडलं.

पत्रा बाजूला सरकला. मी हात आत घातला. बोर्ड बरोबर. कपॅसिटरची डोकी गुळगुळीत. रॅमच्या दोन पट्ट्या, दोन डिस्क, सगळं जागच्या जागी. मग हात वर नेला, जिथे तो डबा होता. पंजाएवढा पंखा शोधू लागले. पंखा नव्हता. त्या अंगाला नुसता पत्रा, आणि पाठीकडे एक लहानसा पंखा, वाटीएवढा.

मला वाटलं, मीच विसरले असेन. चार स्क्रू काढले, डबा ओढून बाहेर घेतला, आणि तो हातात आल्या आल्या माझे हात उगाचच वर गेले. जड समजून लावलेला जोर वाया गेला. सुकून खोबरं झालेला नारळ. कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

“बाबा, ह्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा.”

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. मी यादी आणली, त्या ओळीवर बोट ठेवलं. “पुन्हा वाचा.” त्यांनी पुन्हा वाचलं. एकही अक्षर जुळत नव्हतं.

“दुकानात चूक झाली असेल गो,” बाबा म्हणाले.

मी यादीवरून बोट फिरवत होते. चौदा ओळींपैकी ज्या ज्या ओळी मशीनने त्या संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने सांगितल्या होत्या, त्या सगळ्या बरोबर होत्या. कॅबिनेट मी हाताने बघितलं होतं, तेही बरोबर होतं. एसएमपीएस तेवढा असा भाग आहे की त्याचं नाव मशीनला माहीत नसतं. आणि तो सीलच्या आत होता, माझं बोट बाहेर.

दुसऱ्या दिवशी दोन्ही डिस्क आणि तो डबा कापडी पिशवीत घालून मी सुहासच्या दुकानात गेले. दुकान आता मोठं झालं होतं, एसी लागला होता. माझी काठी ऐकून तो काउंटरबाहेर आला.

“ताई! अगं, फोन करायचास, मीच आलो असतो.”

“डिस्क आणल्यात. चालतात का बघ.”

तो जरा थांबला. “उघडलंस?”

“डिस्क बाहेर कशा येणार त्याशिवाय?”

त्याने मला आतल्या कामाच्या टेबलापाशी बसवलं. चहा सांगितला. पहिली डिस्क वायरीला लावली. मी तिच्यावर तळहात ठेवला. चालू डिस्क हाताखाली थरथरते, झोपलेल्या मांजराइतकी. ही थरथरली नाही. त्याने दुसरी लावली. तीही थंड. मग ती हळूहळू तापायला लागली आणि त्याने घाईने वायर उपटली.

“दोन्ही?” मी विचारलं.

“दोन्ही गेल्या गं. विजेचा झटका एकदम बसला की असंच होतं. तू म्हणत असशील तर पुण्याला पाठवू, पण डिस्कवरचे बोर्डच जळलेत, आतपर्यंत गेलंय. नशीब, दुसरं काय.”

तो खरंच हळहळत होता. ते मला अजून आठवतं आणि अजून कळत नाही. मी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

चहा आला. कोणी उचलला नाही.

“हा काय आहे, सुहास?”

“कंपनीने कधी कधी मॉडेल बदललेलं असतं…”

“त्या सकाळी तू माझ्या ओंजळीत ठेवलास तो हा नव्हे. तो मी हलवून बघितला होता. सगळे हसले होते, आठवतं? तू पण हसलास.”

“ताई…”

“रॅम बदलली नाहीस. प्रोसेसर बदलला नाहीस. ते मशीन मला बोलून सांगेल हे तुला माहीत होतं. जे मशीन बोलून सांगत नाही तेवढंच काढून घेतलंस. आणि वर सील लावून मला रोज बोट फिरवायला सांगितलंस.”

तो खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

“त्याच दुपारी एक स्टुडिओवाला आला,” तो म्हणाला. “मोठं गिऱ्हाईक. आठ मशीनची ऑर्डर होती. त्याला नमुन्याचं मशीन लगेच हवं होतं, आणि तसा एसएमपीएस एकच होता. म्हटलं, तुला दुसरा मागवून नंतर बदलून देऊ. मग राहून गेलं. खरं सांगतो, मला वाटलं तुला काय फरक पडणार? त्याला दिवसभर फोटो, व्हिडिओ. तुझं मशीन नुसतं बोलणार. पडदासुद्धा नव्हता त्याला.”

“त्यात आई होती.”

“मला काय माहीत सगळं तेवढ्यावरच ठेवलंयस!”

“पहिल्या दिवशी सांगितलं होतं. यादी वाचताना. दोन डिस्क कशाला, असं तूच विचारलं होतंस.”

बाहेर दुकानात कोणीतरी प्रिंटर चालू करून बघत होतं. मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी बोलत राहिले. तिथेच चुकले. उठून आले असते तर निदान पुढचं ऐकावं लागलं नसतं.

“सहा पेपर लिहिलेस तू माझे,” मी म्हटलं. “मला त्यातला एक शब्द तपासता येत नव्हता. कधी विचारलं तुला, काय लिहिलंस म्हणून? एकदा तरी? मला दिसत नाही म्हणून मी तुझ्या हाताला माझा हात समजले रे. आणि तू मला दिसत नाही म्हणून…”

“मी तुझं कधी वाईट केलंय का?” त्याचा आवाज एकदम चढला. त्याला ते लागलं होतं. “ह्या एका डब्यावरून तू मला चोर ठरवतेस? तेव्हा मी नसतो तर काय झालं असतं माहितीय? सहाव्या पेपरला तू तापाने फणफणली होतीस. प्रश्न एक, तू सांगत होतीस भलतंच. एका राज्यातल्या सुधारणा दुसऱ्याच्या नावावर. ते तसं लिहिलं असतं तर पहिली आली असतीस? नोट्स मीच वाचल्या होत्या, मला पाठ झाल्या होत्या. मी बरोबर ते लिहिलं. तुझं भलं व्हावं म्हणून. आजपर्यंत कोणाला बोललो नाही.”

मला आधी अर्थच लागला नाही. मी त्या पेपरातली मलाच ऐकत होते. ताप मला आठवत होता. उत्तरं सांगितल्याचं आठवत होतं, आणि शेजारी पेन न थांबता चालल्याचं. ते इतकं सुरळीत चाललं होतं की मला धीर आला होता, की आपलं बरोबर चाललंय.

“फक्त सहाव्यात?” मी विचारलं.

“काय?”

“फक्त सहाव्या पेपरात बदललंस, की बाकीच्यातही?”

“असेल कुठे कुठे एखादं वाक्य. तू कधी अडखळायचीस, मग मी नीट करून…”

“किती?”

“ताई, बारा वर्षं झाली. आता काय आठवणार?”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. त्याच्या लेखी ती आठवण ठेवण्यासारखी गोष्टच नव्हती. रस्ता ओलांडून द्यावा तसं त्याने मला उचलून पलीकडे ठेवलं होतं, आणि मी ते अंतर चालून आले असं समजत होते.

मी उठले. डबा तिथेच ठेवला, डिस्क पिशवीत टाकल्या. “तुला तसाच दुसरा मागवून देतो,” तो मागून म्हणत होता. “सगळं मशीन नवीन करून देतो, ताई. ऐक ना.”

घरी बाबांना मी डब्याचं सांगितलं. पेपरांचं सांगितलं नाही. कॉलेजने दिलेली ढाल बाबा दर रविवारी पुसायचे, पुढेही पुसत राहिले. मी पुण्याला पाठवलेल्या डिस्क परत आल्या, काही निघालं नाही म्हणून. भाऊबीजेला सुहास फराळाचा डबा घेऊन दारात आला. मी आतून ओरडून सांगितलं की मी घरी नाही. त्याने ते ऐकलं, थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

पुढे त्याच कॅबिनेटात मी स्वतः मशीन जोडलं. बोर्ड, रॅम, डबा, सगळं माझ्या हाताने. आता त्याला चौदा वर्षं होतील. त्याला सील नाही, आणि खंडेनवमीला मी ते सगळ्यात आधी उघडते.

ती राहिलेली एक कॅसेट मात्र मी त्यावर उतरवलेली नाही. जुन्या टेपरेकॉर्डरवरच लावते, कधीतरी. आईचा तेवढाच आवाज आता माझ्याकडे आहे. निकालाच्या दिवशी बाबांनी गंमत म्हणून तिला टेपरेकॉर्डरसमोर बसवलं होतं, आणि ती माझी मार्कशीट वाचते, पुस्तक वाचावं तशी, छापलंय तसं, वरच्या ओळीपासून. माझं पूर्ण नाव. आसन क्रमांक. मग इतिहास. पेपर एक, अठ्ठावन्न. पेपर दोन, एकसष्ट. पेपर तीन. तिचा आवाज दर आकड्याला चढत जातो, सहाव्यापर्यंत तिला हसू आवरत नाही.

मी बटणावर बोट ठेवून बसते. कोणत्या आकड्याच्या आधी थांबवायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.